आकाराम मिस्त्रीची विलायती सायकल

सायकल म्हणजे नुसती दोन चाकं, असं म्हणणाऱ्या माणसाशी आकाराम मिस्त्री बोलत नसे. पंक्चर काढून देई, हवा भरून देई, पण बोलत नसे. कोरेगावात स्टेशनकडं जाणाऱ्या रस्त्यावर चिंचेखाली त्याचं दुकान होतं. दुकान कसलं, पत्र्याची एक खोली, मागं लागूनच घर, पुढं ताडपत्री, भाड्याच्या सहा सायकली आणि पंक्चर तपासायला पाण्यानं भरलेलं घमेलं. पण हात काय होता बाबाचा! वाकडं झालेलं चाक समोर धरून फिरवायचा, एकेका तारेवर टिचकी मारायचा आणि कान देऊन ऐकायचा. "ही तार खोटं बोलतीया," म्हणायचा, चावीनं पाव आटा पिळायचा, की चाक सुतासारखं सरळ. फूटपट्टी नाही की काही नाही.

पंधरा वर्षं फौजेच्या वर्कशॉपात काढून अडुसष्ट साली तो गावी परतला, तो एक लाकडी पेटी भरून हत्यारं घेऊनच. त्या हत्यारांवर त्याचा भारी जीव. भिंतीवर मोठी फळी, फळीवर प्रत्येक हत्याराची खडूनं काढलेली आकृती, आणि ज्याची जागा त्यालाच. दुसऱ्या कुणी पान्ह्याला हात लावला तर असा खेकसायचा, की समोरच्या चहावाल्याच्या हातातली किटली हलायची. त्याची बायको चंद्राबाई तर सहा वर्षांत एकदाही त्या फळीजवळ गेली नव्हती.

"मला काय करायचंय तुमच्या लोखंडाशी?" ती म्हणायची. "धुण्यातलं वंगण निघंना झालंय, तेवढं बघा आधी."

तिचंही काही चुकत नव्हतं. रोजच्या रोज काळे सदरे घासून तिचे हात सोलून निघायचे. म्हणून तर तिच्या थोरल्या भावानं, रहिमतपूरच्या दादासोनं, आकारामसाठी साखर कारखान्याच्या गेटावर वॉचमनची जागा बघून ठेवली होती. दादासो मोठा ऊसवाला, दारात ट्रॅक्टर, बोलणं ऐसपैस. आला की खाटेवर बसायचा आणि सुरू करायचा, "दाजी, फौजेतला गडी तुमी, गेटावर लय शोभून दिसाल. खाकी कपडे, बसाय खुर्ची. ह्या चिंचंखाली बसून लोकांच्या चाकात हवा भरन्यात जलम घालवनार व्हय?"

आकाराम हूं म्हणायचा आणि कामाला लागायचा. पण हूं म्हणून किती दिवस भागणार? चंद्राबाईनंही भावाचीच री ओढली होती. चौऱ्याहत्तरच्या आषाढात गोष्ट अगदी गळ्याशी आली, आणि नेमक्या त्याच वेळी आकाराम बहिणीकडं खंडाळ्याला गेला.

बहीण राहीबाई चहाला आधण ठेवत होती आणि हा परसात हात धुवत होता. समोर कारल्याचा वेल. वेलाला आधार म्हणून काहीतरी गंजकं, त्रिकोणी उभं केलेलं. आकारामनं सहज, अगदी सहज, त्याला नखानं टिचकी मारली.

टिण्ण!

हातातला तांब्या त्यानं तिथंच सोडला. परत टिचकी मारली. परत टिण्ण! देशी सायकलीची फ्रेम ठण् करते, हो, आणि ठण् करून गप बसते. हा आवाज तर नळीत शिरून घुमत राहिला. त्यानं पानं बाजूला केली, गंजावर अंगठा घासला. नळ्या जिथं जोडल्या होत्या, तिथं पितळेच्या डाकाची बारीक रेघ, आणि जोडाच्या पत्र्यात बदामाच्या आकाराची नखाएवढी खिडकी कोरलेली. हे काम त्यानं फौजेत एकदाच पाहिलं होतं, एका गोऱ्या साहेबाच्या मागं राहिलेल्या शर्यतीच्या सायकलीवर. 

"राहे! ए राहे! हे कुठनं आनलंस?"

"ते व्हय? सासऱ्यांनी पाचगणीच्या कुना मास्तरकडनं आनलं हुतं म्हनं. का रं?"

"मला दे."

"आरं कारली तरी उतरू दे!"

कुठली कारली आणि कसलं काय! आकारामनं बांबू आणला, नवा मांडव ठोकला आणि वेल एकेक तंतू सोडवून त्यावर चढवला. अख्खी दुपार गेली, पण एक कारलं तुटू दिलं नाही. येताना एसटीच्या कंडक्टरनं ती फ्रेम टपावर टाकायला सांगितली, तर हा म्हणाला, "मी टपावर बसतो, तिला आत बसवा." शेवटी मांडीवर घेऊन आला, साताऱ्यापर्यंत आणि तिथनं कोरेगावपर्यंत. शेजारच्या म्हातारीला वाटलं, कुणाचं तरी आजारी लेकरूच असावं, इतकी जपणूक!

घरी दादासो बसलाच होता. मांडीवरचं ते गंजकं खाली ठेवलं तसा तो हसत सुटला.

"दाजी, हे काय? भंगाराचा धंदा काढलाय का काय?"

आकाराम त्या दिवशी निराळ्याच तारेत होता. दसऱ्याला सांगलीच्या एका तालमीनं सायकलींची शर्यत भरवलेली होती, साताऱ्यातनं सुटायचं आणि पंचाहत्तर मैल हाणून सांगलीत गणपतीच्या देवळापुढं पोचायचं. पुण्या-मिरजेची पोरं चकाचक नव्या सायकली घेऊन यायची. आकारामनं मांडीवर थाप मारली.

"दादासो, ह्या भंगाराची सायकल बांधतो. दसऱ्याच्या शर्यतीला उतरवतो. पैल्या तिघांत आली, तर वॉचमनचं नाव ह्या घरात परत काढायचं न्हाई. न्हाई आली, तर दुसऱ्या दिवशी मी खाकी घालतो आन् दुकानाला कुलूप लावतो."

दादासोनं चंद्राबाईकडं बघितलं. ती म्हणाली, "लावा. एकदाचं काय ते हूं द्या." आणि आत गेली. झालं! तीन महिने हातात, आणि सायकलीची म्हणावी तर फक्त हाडं.

तिथनं जी धावपळ सुरू झाली, ती विचारू नका! मेंढीच्या शिंगासारखं खाली वळलेलं हँडल त्याला साताऱ्याच्या जुन्या बाजारात मिळालं. एक जण त्यावर परकराच्या नाड्या टांगून विकत होता. चामड्याचं सीट एका धार लावणाऱ्याच्या बुडाखाली सापडलं. पुढचा चिमटा मिळाला, पायडलं मिळाली, चेन जुळली. पण चाकं? त्या फ्रेमला शोभतील अशी हलकी विलायती चाकं कुठनं आणायची? जड देशी चाकं लावायची म्हणजे सांगलीऐवजी कारखान्याच्या गेटावर जायचा रस्ता धरायचा. आकाराम जेवताना घास हातात धरून बसायला लागला.

चाकांचा पत्ता दिला धुळानं. धुळा आटपाडीकडचा धनगर, मेंढरं घेऊन कोरेगावच्या शिवारात यायचा. मळलेल्या घोंगडीनिशी दुकानात टेकला होता. फ्रेम उचलून बघितली आणि म्हणाला, "आयला, हलकीच हाय की! आमच्या म्हातारीचा लोकर कातायचा रहाट असल्याच चाकाचा हाय. एका बोटानं उचलतो."

"कसलं चाक? पांढरं? गंजत न्हाई?"

"कवाच न्हाई गंजलं."

दुसऱ्या दिवशी आकाराम आटपाडीच्या गाडीत. माळावर धुळाचं घर, दारात त्याची म्हातारी आई सुलाबाई लोकर कातत बसलेली, आणि तिच्यापुढं गरगर फिरत होतं ते. अल्युमिनियमचं! रिम रुपयासारखी पांढरी, तारा केसासारख्या. आणि आढ्याला नजर गेली तर त्याच्या जोडीचं दुसरं चाक आडवं टांगलेलं, त्याच्या तारांना कांद्याच्या माळा बांधलेल्या! आकारामला हसावं का रडावं कळेना. त्यानं सुलाबाईचे पायच धरले.

म्हातारी मोठी खट होती. "चाक दीन. पन मला दुसरं दे. असंच हलकं फिरलं पायजे. आन् आवाज आला, तर उचल तुजं चाक आन् चालाय लाग."

आकारामनं सोबत देशी चाक आणलंच होतं. ते जड, पण जड चाक हलकं फिरवायचं असेल तर सगळी करामत आतल्या छऱ्यांची. सगळे छर्रे काढले, रॉकेलात धुतले, एकेक बोटावर फिरवून पाहिला, जो जरा चपटा वाटला तो फेकून दिला, नवे घातले, वंगण भरलं. दोन दिवस मुक्काम पडला. तिसऱ्या दिवशी सुलाबाईनं रहाटाला एक हिसका दिला आणि डोळे मिटून बसली. चाक फिरतंय, फिरतंय, सगळे श्वास धरून. म्हातारीनं डोळे उघडले.

"थांबलं का काय?"

"न्हाई आज्जे, फिरतंय अजून."

"मग ने गड्या तुजी दोन्ही. आन् कांदं खाली ठिवून जा."

आकाराम आटपाडीहून आला तो नाचतच आला असं म्हणायला हरकत नाही. पण चाकांचे मधले हब पार काळे पडलेले. तो कपड्यानं घासतोय, रॉकेल लावतोय, राख लावतोय, काही केल्या उजळेना. चंद्राबाई दारात उभी राहून बघत होती. दोन दिवस बघितलं तिनं. तिसऱ्या दिवशी तिला राहवेना.

"आवं, असं कुटं असतंय का घासनं? देवाची भांडी कवा घासलेली दिसत न्हाईत. आना हिकडं."

वर झाडच चिंचेचं. तिनं चिंच भिजवली, मीठ घातलं, काथ्या घेतला आणि बसली. पुढचा हब, मागचा हब, क्रँक, पायडलांची टोकं. चार दिवस दुपारची झोप सोडून घासत होती. बोटांना सुरकुत्या पडल्या. सीटचं चामडं वाळून लाकूड झालेलं, त्याला एरंडेल चोळून चोळून मऊ केलं. आकाराम मुद्दामच काही बोलला नाही. बोललं की बिनसायचं, एवढं त्याला सहा वर्षांत कळलं होतं. शेवटी पुढचा हब उन्हात धरून ती म्हणाली, "बघा, तोंड दिसतंय," आणि त्यात बघून केस नीट केले.

पुण्याहून बारीक टायर मागवले, फ्रेमला काळा रंग दिला, बदामाच्या खिडक्या शेंदरी रंगवल्या. भाद्रपद लागता लागता सायकल उभी राहिली. काय दिसत होती! गावातली माणसं येऊन एका बोटानं उचलून बघायची आणि "अबब" म्हणून खाली ठेवायची.

चालवणार कोण, हे आकारामनं आधीच ठरवलेलं होतं. नाथाजी गवळी. रोज चार कॅन दूध लादून कोरेगावातनं साताऱ्याला आणि परत, उन्हातान्हात, बारा वर्षं. त्याच्या पोटऱ्या बघितल्या की पैलवान लोक धोतर खाली ओढायचे. नाथाजी ऐटीत बसला, पायडल मारलं आणि दहा हातांवर बाभळीत गेला! उठला, परत बसला, परत बाभळीत.

"मिस्त्री, हिच्यात भूत हाय," काटे उपटत तो म्हणाला. "खाली सायकल हाय असं वाटतच न्हाई."

आता बोला! बारा वर्षं मागं दुधाचं ओझं असल्याशिवाय हा गडी सायकलवर बसलाच नव्हता. ओझं नाही म्हटल्यावर त्याला तोलच सावरेना! आकारामनं डोकं खाजवलं आणि सीटच्या मागं वाळूची पिशवी बांधली. रोज त्यातली दोन ओंजळी वाळू काढायची. वीस दिवसांत पिशवी रिकामी झाली आणि नाथाजी वाऱ्यासारखा सुटला. रहिमतपूरपर्यंत जाऊन चहा निवायच्या आत परत यायला लागला. लोक रस्त्यावर येऊन शिट्ट्या मारायचे.

आणि मग आली खंडेनवमी. दसऱ्याच्या आदला दिवस.

खंडेनवमीला हत्यारं पुजायची रीत सगळीकडंच आहे, पण आकारामची निष्ठा काही निराळी. पहाटे फळीवरचं एकेक हत्यार उतरवून धुवायचा, पाटावर पांढरं फडकं घालून ओळीनं मांडायचा, हळदकुंकू लावायचा, झेंडू वाहायचा. पूजा झाली की दसऱ्याला सीमोल्लंघन करून येईपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही. फौजेतून आल्यावर पहिल्याच वर्षी त्यानं ही रीत मोडली होती. गिऱ्हाईक घाईचं होतं म्हणून हातोडी उचलली, आणि तीच हातोडी डाव्या अंगठ्यावर बसली. नख काळं पडलं ते आजवर काळंच. तेव्हापासून ह्या बाबतीत त्याच्याशी बोलायची सोय नव्हती.

सकाळी पूजा झाली. सायकलीला झेंडूची माळ घातली. नाथाजी नवा बनियन घालून आलेला. तेवढ्यात फटफट करत दादासोचा ट्रॅक्टर आला, ट्रॅक्टरलाही माळ. सायकल बघून त्याचं तोंडच उघडं राहिलं. तीन महिन्यांमागं भंगार म्हणाला होता, ती ही! मनानं काही वाईट नव्हता तो. एकदम उमाळा आला.

"दाजी! पैज पैजंच्या जागी! पर हिचा नारळ मीच फोडनार!"

चंद्राबाईनं कौतुकानं भावाच्या हातात नारळ दिला. आकारामला वाटलं, समोर दगड आहे, त्याच्यावर फोडेल. सगळ्यांनाच तसं वाटलं. पण दादासोला सवय ट्रॅक्टरची. नव्या ट्रॅक्टरचा नारळ चाकाच्या लोखंडावर फोडतात, चांगला दणका हाणून. त्यानं डोळे मिटले, "उदे गं अंबे उदे!" म्हणून हात वर नेला आणि नारळ सायकलीच्या पुढच्या चाकावर घातला.

नारळ फुटला. आणि ती पांढरी, हलकी, आटपाडीची रिम तव्यावरच्या पापडासारखी मुरडली.

 नाथाजी होता तिथं खाली बसला. दादासोच्या दोन्ही हातांत दोन भकलं, बोटांतनं पाणी गळतंय. तो बारीक आवाजात म्हणाला, "आमच्यात... आमच्यात चाकावरच फोडत्यात."

आकाराम चाकापाशी वाकला.  चाकाचे नट कानाचे, हातानं सुटणारे. त्यानं चाक काढलं, जमिनीवर आडवं टाकलं, गुडघा रोवला, दोन हातांनी कडा धरल्या आणि सगळं अंग टाकलं. टक्! मोठी मुरड निघाली. चाक परत चिमट्यात घालून फिरवलं. बोटभर झोका उरला होता. प्रत्येक फेऱ्याला रिम ब्रेकला खर्रकन घासत होती. असं चाक साताऱ्यातल्या पोवई नाक्याच्यासुद्धा पुढं जायचं नाही. आता एकेक तार ओढून, सैल करून चाक सरळ करायचं, आणि त्याला पाहिजे तारांची चावी.

चावी पाटावर होती. कुंकू लावलेली, झेंडूखाली.

आकारामचा हात पाटाकडं गेला आणि तसाच मागं आला. त्यानं डाव्या अंगठ्याकडं बघितलं.

"मिस्त्री, दुसऱ्या कुनाची चावी आनू का?" नाथाजी म्हणाला.

"आज गावातलं कुठलं हत्यार मोकळं हाय? आन् असलं तरी काय करायचं? ह्या तारांचं माप विलायती. ही एकच चावी बसती, मी कानसून केलेली." त्यानं पाटाकडं पाठ केली. "संपलं, नाथाजी. मी हात न्हाई लावनार."

दादासोनं भकलं खाली ठेवली आणि हळूच म्हणाला, "चंद्रा, माझं चुकलंच. पर देवाच्याच मनात न्हाई म्हनायचं. खाकी शिवाय टाकू उद्या."

 चंद्राबाईची नजर त्या चाकाच्या मधल्या हबवर होती. तोच हब, ज्यात तिनं तोंड बघितलं होतं. भावाचं बोलणं ऐकलं आणि बाई जी उसळली!

"दादा, तू नारळ घेऊन गप बस तिकडं! देवाच्या मनातलं तुला काय ठावं? चार दिस घासलंय मी हे. माझी बोटं गेलीत ह्यात."

ती तरातरा आत गेली आणि स्वैपाकघरातनं उलथनं घेऊन आली. घमेल्यात धुतलं, पदरानं पुसलं, त्याला हळदकुंकू लावलं, पाटावर चावीच्या शेजारी ठेवलं आणि हात जोडले. मग चावी उचलून कपाळाला लावली.

"आगं आगं!" आकाराम ओरडला.

"ओरडू नगा. पूजंतनं एक हत्यार उठलं, एक बसलं. ओळ मोकळी न्हाई ऱ्हायली. त्या उलथन्यावर धा वर्सं घर जेवतंय, ते काय हत्यार न्हवं? आन् अंगठा फुटायचाच असंल, तर माझा फुटू द्या."

आकारामनं चाकाकडं बोट दाखवलं. "तुला जमायचं न्हाई."

"मग सांगा की. हात माझा, कान तुमचा."

 आकाराम चाकापुढं मांडी घालून बसला. चंद्राबाई समोर. त्यानं तारेवर टिचकी मारली, डोळे मिटले.

"ही. तुझ्या उजव्या हाताला पाव आटा. उजव्या! उजवा म्हंजे घास खातीस तो!"

"मी घास कंच्या हातानं खाते ते मला ठावं हाय. फुडं बोला."

पहिल्या तारेला चुकली, दुसरीला चुकली, चावी सटकून बोट सोलवटलं. पण दहाव्या तारेला तिचा हात आपोआप थांबायला लागला, नेमका जिथं थांबायचा तिथं. आकाराम टिचकी मारायचा, ती पिळायची. मध्येच तो काही म्हणायच्या आत तीच म्हणाली, "ही ढिली वाजतीया." त्यानं टिचकी मारली. खरंच ढिली होती! आकारामच्या छातीत असं काही भरून आलं, की त्याला पुढच्या तारेचा आवाजच ऐकू येईना. त्यानं उगीच घमेल्यातलं पाणी तोंडावर मारून घेतलं.

गुरं घरी यायच्या वेळेला चाक फिरवलं. रिम पाण्याच्या धारेसारखी स्थिर. नाथाजीनं टोपी उडवली. दादासोनं दोन्ही भकलांचं खोबरं सगळ्या गल्लीत वाटलं आणि पाप फेडायला म्हणून उद्यासाठी जीप आणतो असं कबूल केलं. त्या रात्री सगळ्यांना भाकरी गरम मिळाली पण जरा करपकी, कारण उलथनं पूजेत होतं.

दसऱ्याला सकाळी सात वाजता साताऱ्यातनं अडतीस सायकली सुटल्या. मागं जीप, जीपमध्ये दादासो, आकाराम आणि चंद्राबाई. उंब्रजपर्यंत नाथाजी कुठं दिसेना. कराडला कोयनेच्या पुलावर दिसला, अकरावा. "आरं हाण की रं!" दादासो असा बोंबलला की पुलावरची म्हैस बुजली. पेठ मागं पडलं तेव्हा सहावा. ऊन तापलं, शहरातली पोरं पाण्याला थांबायला लागली. ऊन म्हणजे नाथाजीचं रोजचंच. आष्ट्याच्या अलीकडं तो पाचवा.

आष्ट्याला रस्त्यात खड्डा होता. पुढचा पुण्याचा गडी त्यात गेला, त्याच्या नव्या सायकलीचं चाक आठाच्या आकड्यासारखं झालं आणि तो बाजूच्या उसात. मागनं नाथाजी, त्याच वेगानं, त्याच खड्ड्यात. जीपमध्ये आकारामनं डोळे मिटले. पुढचं चाक दणकन आपटलं. चंद्राबाईनं त्याचा दंड असा धरला की बोटं उमटली.

"आवं, डोळं उघडा! सरळ हाय! चाक सरळ हाय!"

सरळच होतं. नाथाजी चौथा झाला. सांगलीच्या वेशीत दोन्ही बाजूंनी माणसंच माणसं, झेंडूच्या कमानी, हलग्या कडकडतायत. देवळाच्या अलीकडं नाथाजीनं हँडलवर छाती टेकली आणि मिरजेच्या एकाला अर्ध्या चाकानं मागं टाकलं. तिसरा! तिसरा आला गवळी! दादासो जीपच्या टपावर चढून नाचला, आणि खाली उतरून आकारामच्या गळ्यात पडून रडलासुद्धा.

शर्यतीचे पंच होते गोपाळकृष्ण म्हणून एक वयस्कर गृहस्थ. पांढरी पँट, कॅनव्हासचे बूट, तरुणपणी स्वतः शर्यती मारलेले. त्यांनी नाथाजीची सायकल उचलली, बदामाच्या खिडक्यांवरनं बोट फिरवलं. मग पुढचं चाक फिरवलं, एका तारेवर टिचकी मारली, दुसरीवर मारली.

"पंचाहत्तर मैल, तो आष्ट्याचा खड्डा, आणि अजून सगळ्या तारा एका सुरात? हे चाक कुणी सरळ केलं आहे?"

आकाराम पुढं झाला. त्याच्या हातनं तसं काम हजार वेळा झालं होतं, आणि हा एकच माणूस त्याला आयुष्यात असा भेटला होता, की ज्याला तारेचा आवाज कळत होता. त्यानं मागं बघितलं.

"हिनं," तो म्हणाला.

"बाई, तुम्ही?"

चंद्राबाईनं पदर सावरला आणि तळहात पुढं केला. बोटांच्या रेघांत काळं वंगण बसलं होतं. "व्हय. कालपासनं धुतीया, निघंना झालंय."

दादासोनं खाकीचं नाव परत काढलं नाही. काढणारच होता एकदा, बक्षिसाच्या गडबडीत, पण बहिणीनं नुसतं बघितलं आणि तो आपट्याची पानं वाटायला निघून गेला.

संध्याकाळी कोरेगावला आले. वेशीबाहेर जाऊन सीमोल्लंघन केलं, सोनं वाटलं आणि आकारामनं पूजेची हत्यारं उठवली. एकेक हत्यार पुसून आपापल्या आकृतीवर टांगलं. शेवटी तारांची चावी राहिली. ती त्यानं चंद्राबाईपुढं धरली.

"ही तू लाव."

ती सहा वर्षांत पहिल्यांदा त्या फळीपुढं उभी राहिली. चावीची आकृती शोधायला तिला जरा वेळ लागला. नेम धरून चावी टांगली, दोन पावलं मागं आली, मान वाकडी करून बघितलं.

"झालं? आता माझं उलथनं द्या हिकडं. लोकं जेवायची थांबल्यात."

त्यानंतर आकाराम मिस्त्रीच्या दुकानात दर खंडेनवमीला पान्हे, पकडी आणि हातोड्यांच्या ओळीत एक उलथनंही असायचं. आणि चाकाचा झोका काढायला कुणी आलं, की आकाराम चुलीकडं तोंड करून हाक मारायचा, "अगं, ये जरा, तार वाजवतोय."